दार लावल्यावर

भर दुपारी भीती वाटली असं कुणी म्हटलं, तर लोक हसतात. त्या दिवसापर्यंत ताईही हसली असती.

ती नाट्यगृहात जरा लवकर आली होती, रंगमंचावरच्या पलंगाला चादर घालायला. नाटक तिनंच लिहिलेलं: अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला बाप आणि त्याचं सगळं करणारी लेक. लेकीचं काम तीच करायची. खऱ्या बाबांचं तिनं अकरा वर्षं केलं होतं. ते गेल्यावरही दर दोन तासांनी तिला जाग यायची. कूस बदलून द्यायला मात्र कुणी नसायचं. त्यांचं हेकट बोलणं, गोळी गालात दडवून ठेवणं, सगळं तिनं नाटकात घातलं. तालमीला मंडळी हसता हसता डोळे पुसत.

शेवटची संध्याकाळ तेवढी तिनं बदलली होती. नाटकातली लेक बापाचा हात धरून बसते. प्रत्यक्षात ताई त्या संध्याकाळी झोपेनं अर्धमेली झाली होती. तासभर पडते, म्हणून तिनं बाबांच्या खोलीचं दार लावून घेतलं. उठून पाहते तो बाबा गार पडलेले. हे तिनं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

बापाचं काम करणारे काका, निवृत्त पोस्टमन, येऊन पलंगावर आडवे झाले. वरच्या केबिनमध्ये लाइटवाला एकटाच होता. दिवे बघायचे म्हणून शेवटचा प्रवेश सुरू झाला. रिकाम्या खुर्च्यांवरून तिचाच आवाज परत येत होता. काकांच्या अंगाला मालिशच्या तेलाचा वास येत होता. कमाल आहे, भूमिकेत किती शिरलेत, तिला वाटलं.

"बाबा, झोप येत नाही का?"

"तू पड जा आता."

नाटकात बापाचं एवढंच वाक्य होतं. पण पलंगावरून पुन्हा आवाज आला, अगदी खोल.

"दार... लावू नकोस."

बाबा तिच्याशी शेवटचं बोलले ते हेच.

पुढचं तिला आठवत नाही. भानावर आली तेव्हा ती नेपथ्यातल्या दाराबाहेर उभी होती, आणि कडी तिच्याच हातानं लागलेली. तिनं घाईघाईनं दार उघडलं. काका मंद घोरत होते.

"अगं, डोळाच लागला बघ," काका ओशाळून उठले. "पडल्या पडल्याच. एकही वाक्य झालं नाही ना माझं?"

तेवढ्यात लाइटवाला खाली आला. "काका, मानलं तुम्हाला. ताई दार लावून गेल्या, त्यानंतरचं ते नवीन बोलणं ठेवाच."

"मी? मी कुठं काय बोललो?" काका म्हणाले.

"काय बोलले?" ताईनं विचारलं.

"आधी तुम्हाला हाका मारल्या, तीन-चार. मग बराच वेळ गप्प. आणि मग उशाशी बघत म्हणाले..." लाइटवाल्यानं आवाज उतरवला, "'तू कोण गं? दार तर बंद आहे...'"