कासारआळीचा थांबा

"एकदम शेवटाला उडी मारू नकोस हं," गावाच्या रस्त्यांची आखणी करणाऱ्या भाऊआजोबांनी बजावलं होतं. दहा वर्षांच्या शाल्मलीने मान डोलावली आणि संगणकाच्या पडद्यावरची काळाची पट्टी सरळ टोकापर्यंत सरकवली.

देवनूर गावाला बाहेरून वळसा घालणारा रस्ता होणार होता. वीस वर्षांनंतरचा नकाशा कसा छान मोकळा दिसत होता!

"कुठेच गर्दी नाही, आजोबा! करून टाका रस्ता."

"शेवट बघून सिनेमा कळतो होय गं? हे अनुरूपण आहे (गाव पुढे कसं बदलेल ते संगणकात घडवून पाहणं). एक सेकंद म्हणजे सहा महिने, एक ठिपका म्हणजे एक प्रवासी. आता पहिल्यापासून बघ."

ठिपके धावू लागले. दुसऱ्या सेकंदाला रस्ता उमटला. मग त्याच्या कडेचा भू-वापर (कुठे शेत, कुठे घर, कुठे दुकान) बदलला. शेतांच्या जागी घरं आली, घरांमागे दुकानं गेली, दुकानांमागे बसही गेली.

सहाव्या सेकंदाला कासारआळीचा थांबा विझला.

"थांबवा! तिथून आळीतली म्हातारी चंपूअक्का दवाखान्यात जाते, एक दिवसाआड, पायाची पट्टी बदलायला. एकटीच असते हो ती!"

"पण तिथे कुणी चढतच नाही. बसमध्ये कार्ड टेकवलं की ठिपका तयार होतो, तिथे एकही नाही."

"अक्का कुठे कार्ड टेकवते? चालककाकाच म्हणतात, 'चढा अक्का, बांगड्या सांभाळा!' सगळ्या म्हाताऱ्यांना तसंच सोडतात."

आजोबांनी चष्मा काढला. "माझ्या तक्त्यात नुसतं लिहिलंय, थांबे एक्केचाळीसऐवजी चाळीस. मी वाचून पुढे गेलो. हलत्या नकाशात कुठे, कधी आणि कशामुळे ते दिसलं बघ."

मग आठवडाभर दोघं सकाळी थांब्यावर बसले आणि चढणारी माणसं मोजली. कार्ड न टेकवणारे अकरा जण निघाले. ते अकरा ठिपके घालून अनुरूपण पुन्हा चालवलं, तर थांबा शेवटपर्यंत उजळलेला राहिला. गावसभेत तोच नकाशा दाखवला, आणि रस्त्याबरोबर कासारआळीची जुनी बसही चालू ठेवायचं ठरलं.

आज शाल्मलीची लेक त्याच थांब्यावरून शाळेत जाते. तिला बसमध्ये चढवताना शाल्मलीला पडद्याची ती ऊब आठवते, आजोबांच्या सदऱ्याला येणारा कापराचा वास आठवतो. लेकीच्या वर्गात आता मुलं स्वतःच आपल्या गावाचे असे नकाशे करतात. शाल्मली कौतुकाने बघते, पण नकाशात ज्यांचा ठिपकाच नसतो त्यांची काळजी काही सुटत नाही. म्हणून त्या मुलांना ती सांगते तेच तुम्हालाही सांगते: तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज जाऊन या. दवाखान्यात कसं जाता, एवढं तरी विचारा.