टॅपेट वाजायचा थांबला

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर नुसते वाचत आले. वाचून झालं की दिवा चालू ठेवून झोपायचे आणि सकाळी स्वतःलाच हसायचे.

आज लिहितेय, कारण हे माझ्या माहेरी घडलंय. यातलं काहीही मी रचलेलं नाही.

जागा, चिखली. गेल्या डिसेंबरातल्या मोजक्या सकाळी.

हो, सकाळीच. रात्री काहीच झालं नाही.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी पिकअप होती. चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले पार्ट चाकणच्या कंपन्यांत पोचवायचं काम ते करायचे. सप्टेंबरात एका कंपनीच्या गेटबाहेर, गाड्यांच्या रांगेत, स्टिअरिंगवर डोकं टेकून ते गेले. पुढची रांग सरकली आणि ही गाडी सरकली नाही, तेव्हा लोकांना कळलं.

इंजिन चालूच होतं.

पुढे गाडी माझा भाऊ रणजीत चालवू लागला. मी पिंपळे गुरवला असते. आईची तब्येत ढासळली म्हणून डिसेंबरात राहायला आले.

पहिल्याच सकाळी सहा वाजता रणजीतनं गाडी सुरू केली.

टकटकटकटक...

कुणीतरी नखानं पत्रा वाजवावा, तसा बारीक आवाज. मी लहानपणापासून तो ओळखत होते.

आई पदर सावरत फाटकापर्यंत गेली. आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली,

"गेले."

"आई, रणजीत गेला."

"व्हय, रणजीतच. मी कुटं न्हाई म्हणते?"

पण संध्याकाळी तिनं अण्णांचं ताट वाढून झाकून ठेवलं. स्वतः शेजारी बसून राहिली.

"ते आल्याव जेवते."

असं तीन महिने चाललं होतं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, अजून महिनाभर असंच चाललं तर हातात काही राहणार नाही.

मी ठरवलं. तो आवाज रोज सकाळी तिला फसवतोय. आवाज घालवायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला सोपानरावांचं गॅरेज आहे. अण्णांच्या वयाचे, बोलायला फटकळ. त्यांनी गाडी सुरू करायला लावली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं एकेका जागी ऐकत गेले.

"इंजेक्टर न्हाई. बेअरिंग न्हाई. तीन नंबरचा टॅपेट हाय ताई."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवतात. ती वाढली की टकटक ऐकू येते. एवढं मलाही ठाऊक होतं.

"पण घाई कशापायी?" सोपानराव म्हणाले. "वाजणाऱ्या टॅपेटला मी भीत न्हाई. बायको बोलतीया तवर संसार चालू असतो. गप झाली की समजायचं, आता काय खरं न्हाई."

रणजीत हसला. मी हसले नाही.

फट गार इंजिनावरच मोजावी लागते. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवली. रविवारी सकाळी त्यांनी फट बसवली, नट आवळला आणि नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते.

गाडी सुरू केली. आवाज नाही.

सोमवारी सकाळी सहा वाजता...

टकटकटकटक.

आई फाटकाशी उभी. "गेले."

त्याच संध्याकाळी गाडी परत गॅरेजला गेली. मंगळवारी सकाळी सोपानरावांनी वरचं झाकण उघडलं. नटाला पाना लावून बघितला.

पिवळी रेघ जशीच्या तशी होती. नट घट्ट होता.

फट मात्र दुप्पट.

"असं हुत न्हाई," ते म्हणाले. "नट सोडल्याबिगर फट कशी वाढंल? आणि झिजायला एक दिवस?"

त्यांनी तो दांडाच बदलायला घेतला. रणजीत नवीन दांडा आणायला पिंपरीला गेला, तो संध्याकाळी आला. तोवर उशीर झालेला. म्हणून बुधवारी पुन्हा सकाळी सातला आम्ही गॅरेजमध्ये. रणजीत दुसऱ्याच्या गाडीवर फेरी मारायला गेलेला. तिथे फक्त सोपानराव आणि मी.

फट बसवताना इंजिन हातानं फिरवावं लागतं. खाली पुलीच्या नटाला पाना लावून एकानं फिरवायचं, वर बघणाऱ्यानं "बास" म्हणायचं. व्हॉल्व्ह पूर्ण मोकळा झालेली नेमकी जागा असते ती.

शाळेत असताना रविवारी हे काम मी करायचे. अण्णा वर वाकलेले, मी खाली पाना धरून. "फिरव... फिरव... बास." त्यांचा "बास" जरा लांबायचा. शेवटचा स अर्धवट दातांत अडकायचा.

नवा दांडा बसल्यावर मी पाना लावला. सोपानराव वर वाकले होते, फक्त त्यांचे पाय दिसत होते.

फिरवलं.

अजून फिरवलं.

अजून...

"बास."

मी थांबले.

वरून सोपानरावांची हालचाल ऐकू आली. मग ते वाकून माझ्याकडे बघू लागले. फट मोजायची पोलादी पट्टी त्यांनी दातांतून काढून हातात घेतली.

"बरोब्बर जागेव थांबवलंत की ताई. कसं काय कळलं?"

"तुम्हीच बास म्हणालात ना?"

 त्यांनी हातातली पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्यावर त्यांच्या दातांची ओल होती.

"माझ्या तोंडात ही हुती," ते म्हणाले.

 त्यांनी फट बसवली, झाकण लावलं. मी निघताना एवढंच म्हणाले, "आता पुन्हा आणू नका गाडी माझ्याकडं."

इंजिन सुरू झालं. साधी घरघर. टकटक नाही.

गुरुवारी पहाटे मी मुद्दाम जागी राहिले. सहा वाजता रणजीत गाडी घेऊन गेला.

आवाज आला नाही.

आई फाटकाकडे गेली नाही. मला वाटलं, जमलं. स्वयंपाकघरात गेले, तर तिनं तीन कप चहा गाळला होता. रणजीत तर गेलेला. आम्ही दोघीच.

"आई, तिसरा कुणाला?"

"हळू बोल."

"का?"

"गाडी न्हाई गेली आज. सुट्टी घेतली दिसतीया त्यांनी." ती हसली. सप्टेंबरानंतर पहिल्यांदा. "एवढं काम करत्यात. झोपू दे जरा."

मी मागच्या खोलीपाशी गेले. अण्णांची खोली. तिन्ही महिने उघडीच असायची.

दार बंद होतं.

ढकललं. हललं नाही. त्या दाराला बाहेरून कडी नाहीच. आतूनच लागते.

मी तिथेच उभी राहिले. आतून संथ श्वास ऐकू येत होता... मध्येच जरासा अडकणारा, मग पुन्हा चालू होणारा. दमून झोपलेल्या माणसाचा.

नऊच्या सुमारास दार उघडं दिसलं. आत कुणी नव्हतं. खाटेवरची चादर मात्र चुरगळली होती. मी उशीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

उशी कोमट होती.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही. आता तिच्या बांगड्या मनगटावर थांबतात. डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे, काय केलंत?

मी काय सांगणार?

रणजीत सकाळी निघतो, गाडी वाजत नाही. खोलीचं दार रोज नऊपर्यंत बंद असतं.

सोपानरावांनी नाही म्हटलं तरी चिखलीत गॅरेजं पुष्कळ आहेत. कुणीही दहा मिनिटांत ती फट परत वाढवून देईल. सकाळी टकटक होईल, वळणापलीकडे विरेल, आणि अण्णा घरातून जातील.

मग आई पुन्हा ताटाशेजारी बसून राहील. म्हणून मी गाडी कुठेच नेत नाही.

आणि खरं सांगायचं तर, आईचं फक्त निमित्त आहे.

मी अजून पिंपळे गुरवला परत गेलेले नाही. हे लिहिते आहे तेव्हा साडेआठ वाजलेत. दार बंद आहे.