डावीकडं वळलेली लोंबी

घास तोंडापाशी नेलेला, नि अफीफाचा हात तिथंच थिजला!

रविवारची दुपार होती. चर्च सुटलं होतं नि अख्खं झहले गाव बरदौनी नदीच्या काठावर जेवायला लोटलं होतं. खाणावळीच्या पाण्याला लागून असलेल्या टेबलावर अफीफा, तिचा धाकटा भाऊ वदीअ नि भावजय ईवेत. तबूलेची हिरवी कोशिंबीर आली, भाजलेली वांगी आली, गरम रोट्या आल्या, बडीशेपेच्या अराक दारूत पाणी पडून ती दुधासारखी पांढरी झाली. नि मग मधोमध आलं किब्बेचं ताट. कच्चं मटण नि दलिया, दगडी उखळात सकाळीच कुटलेलं.

आता किब्बेचं असं असतं, की थापून झालं की घरची बाई चमच्याच्या पाठीनं वर आपली खूण उठवते. कुणाच्या लाटा, कुणाचा क्रूस. अफीफाच्या आईची खूण होती गव्हाची लोंबी. आईनं ती दोनच पोरींना शिकवली. अफीफाची लोंबी उजवीकडं झुकायची. धाकटी लबीबा डावखुरी, तिची डावीकडं.

नि ताटातली लोंबी डावीकडं झुकलेली होती.

"काय झालं ताई?" वदीअ जरा जास्तच घाईनं म्हणाला. "खा की! तुझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाचं जेवण आहे."

"वन्सं, थंड आहे, ताजं आहे," ईवेत म्हणाली, पण नजर नदीकडं.

अफीफानं रोटीचा तुकडा खाली ठेवला. एकतीस वर्षं... एकतीस वर्षं तिनं ते नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं! आईबाप गेलेले, वदीअ अकरा वर्षांचा. 'पोर जरा मोठं होऊ दे' म्हणून तिनं आपलं लग्न दोनदा पुढं ढकललं. नि एके सकाळी उठून बघते तर कपाट उघडं, लग्नाचा झगा गायब, धाकटी बहीण गायब, नि नवरदेव मिल्हेमसुद्धा गायब! तिचाच झगा घालून लबीबा बैरुतला त्याच्याशी लग्न लावून मोकळी झाली. त्या दिवशी अफीफानं रोटीवर हात ठेवून शपथ घेतली, की लबीबाच्या हातचा घास या जन्मी खाणार नाही. नि वदीअचाही हात धरून रोटीवर ठेवला, 'मीही तिचं तोंड बघणार नाही' म्हणून.

"कुठंय ती?" अफीफा म्हणाली.

"कोण?"

"वदीअ! तुझा शेंबूड पुसलाय मी. मला 'कोण' विचारतोस?"

वदीअचा चेहरा पडला. "आत आहे... स्वयंपाकात. मिल्हेम हिवाळ्यात गेला, ताई. ती एकटी पडली. इथं मीच तिला काम मिळवून दिलं, दोन महिने झाले."

"म्हणजे मला फसवून खायला घालणार होतास."

"एकदा तिच्या हातची रोटी नि मीठ तुझ्या पोटात गेलं असतं, की वैर धरता आलं नसतं तुला! दुसरा काय उपाय होता? सरळ सांगितलं असतं तर आली असतीस?"

लबीबानं दगा दिला ते पोरपणी, पण हा? ज्याच्यापायी उंबरठ्याच्या आतच तारुण्य जाळलं, तो पोटचा म्हणावा असा भाऊ? ती उठली. दाराकडं जायचं होतं, पाय मात्र स्वयंपाकघराकडं वळले.

आत उखळापाशी एक पिकल्या केसांची बाई उभी होती. हात कोपरापर्यंत माखलेले. अफीफाला वाटलं, आईच उभी आहे.

"मिळालं ना समाधान?" ती म्हणाली. "आधी नवरा पळवलास, आता शपथ मोडायला निघालीस!"

"मोडायची असती तर लोंबी काढली असती का गं मी?" लबीबा म्हणाली. "वदीअ म्हणाला, ताट सपाट ठेव, ताईला कळता कामा नये. मी म्हटलं, नाही. एकदा तिला अंधारात ठेवून गेले, ते जन्मभर पुरलं. खायचं तर बघून खाईल, नाहीतर फेकून देईल."

मागनं वदीअ आलाच होता. अफीफानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"नि तुझं मीठ मी खाल्लंय ताई," लबीबा पुढं म्हणाली. "वदीअ महिन्यातनं एकदा बैरुतला माल आणायला यायचा. तू चक्का नि पुदिना घालून रोट्या बांधून द्यायचीस ना?"

"तो मेला दोन जास्त मागायचा..."

"त्या माझ्या होत्या. चोवीस वर्षं. खाल्ल्या मिठाला जागायचं नाही, तर मग माणूस कशाला म्हणायचं?"

अफीफा मटकन स्टुलावर बसली. डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही भान नव्हतं. एवढी वर्षं जिच्या हातचा घास नको म्हणून शपथ पाळली, तिला आपणच जेवू घालत होतो!

"झगा कुठंय माझा?" तिनं दरडावून विचारलं.

"कापला, लेकीच्या बाप्तिस्म्याला त्याचंच अंगडं शिवलं."

"तुला बसलाच नसणार. कंबर माझी बारीक होती."

"टाचण्या लावून घातला होता. दिवसभर टोचत होत्या."

"बरं झालं!"

नि दोघी एकदमच हसल्या, रडता रडता. वदीअ हळूच पुढं सरकला. अफीफानं बोट दाखवलं. "तू तिथंच थांब! चोवीस वर्षं माझ्या रोट्या नेल्यास नि माझ्याच तोंडावर खोटं बोललास. हिला माफ करीन एखाद्या वेळेस, तुझं मात्र बघू."

तो भिंतीला टेकून उभा राहिला, लहानपणी काच फोडल्यावर राहायचा तसाच.

अफीफानं रोटीचा तुकडा तोडला, उखळातलं किब्बे उचललं, नि लबीबाच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी उघड्या डोळ्यांनी, खाल्लं.

सावकाश चावलं. गिळलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आण इकडं."