एका पाटीतले बांगडे

चर्चच्या पायरीवर फेलिक्स तिच्यावर धडकला आणि गडबडीत इटालियनमध्ये माफी मागत म्हणाला, "स्कूझी!" रोझालिनाची छत्री उडाली खरी, पण तिला हसूच फुटलं. मुंबईच्या बोर्डिंगात एका इटालियन सिस्टरकडून ती भाषा शिकून आलेली गावात ती एकटीच.

"माका शिकवतलंस?" त्याने तिथल्या तिथे विचारलं. इटालियन जहाजावर स्टुअर्डची जागा निघाली होती. तोंडी परीक्षा मुंबईला, त्यांच्याच भाषेत.

नीट शिकवलं तर हा जाणार, कसंबसं शिकवलं तर इथेच राहणार... हे कळत असूनही तिने अगदी मन लावून शिकवलं. वेडी कुठली!

निघायच्या आदल्या दिवशी दोघं माडाखाली बसली होती. पूर्वी गावात काय काय व्हायचं ते सांगायचं, पण माणसाचं नाव न घेता, असा धडा होता.

"सी तिरावा ला रेते," ती म्हणाली. "जाळं ओढलं जायचं."

"कोण ओढी?"

"कोणय... सगळो गाव. नाव सांगूक लागणा नाय."

"बरी भाषा गो! मनातला सगळा सांगूचा, आणि नाव घेवचा नाय..." तो तिच्याकडेच बघत होता. तिचे कान तापले.

तेवढ्यात हाका उठल्या. रापण किनाऱ्याला येत होती! त्या लांबलचक जाळ्याच्या दोराला जो हात लावील, त्याला माशांचा वाटा मिळायचा. दोघं धावत सुटली. ओढताना पाय वाळूत रुतत होते, तिचा खांदा सारखा त्याच्या खांद्याला लागत होता आणि जाळ्यात बांगडे नुसते उसळत होते. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

वाटे घालत होता म्हातारा गुणाजी. नवरा-बायकोचे वाटे एकाच पाटीत घालायची त्याची रीत, आणि नजर अधू. त्याने या दोघांचे वाटेही एकत्र घातले.

"कढी झणझणीत कर गो बाये, घोव दमलो तुझो!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रोझालिनाला कुठे बघावं ते कळेना.

"वेगळे... करूया?" फेलिक्सने हळूच विचारलं.

मुंबईची बोट उद्याचीच होती.

"नको," ती म्हणाली. आणि तिथेच थांबली नाही. "माका तू होयो. जहाजार जा... पण माझो होवन जा."

फेलिक्सचा चेहरा असा फुलला! त्याने झटकन पाटी उचलली.

"मगे चल बेगीन."

"खंय?"

"तुझ्या घराक. आधी तुझ्या पप्पांक विचारतंय, मगे बोट!"

रोझालिनाने पाटीचा दुसरा काठ धरला आणि दोघं भर गावासमोरून घराकडे निघाली.