न धुतलेला धागा

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी आसेगावला जावं, शालिग्रामभाऊंचा मळा विचारावा आणि त्यांच्या डाव्या कानाकडे नीट पाहावं. तो कान अजूनही उजव्यापेक्षा मोठा आहे.

आणखी एक. भुताच्या गोष्टीत अमावास्या असते, रात्रीचे बारा वाजलेले असतात, कुत्रं रडत असतं. इथे दिवस रामनवमीचा होता. वेळ दुपारी सव्वादोनची. कुत्रं पाटाच्या ओलीत गाढ झोपलेलं होतं.

त्याला इलाज नाही. जे झालं ते असं झालं.

कस्तुराबाई म्हणजे शालिग्रामभाऊंच्या मंडळी. वय बासष्ट. दोन एकरांत वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मुलगा हरीओम, सून राखी आणि पाच महिन्यांची नात. नातीचं नाव संस्कृती ठेवलं होतं. पण एवढ्याशा जिवाला एवढी मोठी संस्कृती पेलवेना, म्हणून घरात सगळे चिमणी म्हणत.

वांग्यांचा तोडा सुरू झाला तशी राखी मळ्यात जाऊ लागली. चिमणीची झोळी कडुनिंबाला बांधायची. वरून चादर टाकली की पोर घामाने भिजायची. चादर काढली की माश्या.

"मी करतो काई तरी," कस्तुराबाई म्हणाल्या. (त्या भागात बायाही स्वतःला 'करतो' म्हणतात. भिऊ नका. घाबरायचं ते पुढे आहे.)

त्यांनी क्रोशाची सुई काढली. पांढरा सुती धागा घेतला. तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. खांब म्हणजे सुईचा उंच टाका. दोन खांबांच्या मधे बारीक खिडकी राहते. त्यातून वारा आत जातो, माशी जात नाही. मुठीत मावेल एवढं हलकं, उघड्यावर वापरायचं जाळीचं पांघरूण.

हातभर राहिलं असताना धागा संपला.

मंगरूळपीरच्या दुकानात तसला धागा नव्हता. चकचकीत नायलॉनचा होता. तो तान्ह्या पोराच्या अंगाला टोचतो.

मग कस्तुराबाईंना सुचिताची पेटी आठवली.

सुचिता त्यांची धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. जन्मापासून मुकी. मूलबाळ नव्हतं. क्रोशाकाम ती कस्तुराबाईंकडूनच शिकली, पण खिडक्यांची जाळी तिला कधी आवडली नाही. ती सगळं मुक्या खांबात विणायची. मुका खांब म्हणजे बुटका, घट्ट टाका. एकाला एक चिकटून बसतो. मधून उजेडही जात नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "मुकीचा मुका खांब." आणि हसायच्या. तिला ऐकू येत होतं, हे त्यांच्या लक्षात राहत नसे.

सुचिताजवळ एक पत्र्याचा डबा होता. धाग्याचा गुंडा त्यात ठेवायचा, झाकणाच्या भोकातून टोक बाहेर काढायचं. विणताना धागा ओढला की गुंडा आत उडी मारतो.

टुण...

तोच डबा तिचा आवाजही होता. कोणाला बोलवायचं असलं की सुईने डब्यावर दोनदा वाजवायची. टण, टण. म्हणजे, इकडे या.

पेटीत तो डबा निघाला. सोबत तिचं अर्धवट विणकाम. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. ते कोणासाठी होतं, कोणी विचारलं नव्हतं. लांबीवरून कळत होतं, तान्ह्या बाळाएवढी होती.

कस्तुराबाईंनी क्षणभर ते हातात धरलं. मग टोक शोधलं आणि ओढलं.

सर्र... सर्र... सगळं उसवलं.

आता इथे एक चूक झाली. क्रोशा करणाऱ्या बायकांना ती लगेच कळेल.

उसवलेला धागा तसाच वापरायचा नसतो. तो टाक्यांचे वळ धरून बसतो, कुरळा राहतो. त्याची लड, म्हणजे सैल वेटोळं, करायची, गरम पाण्यात धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची. मग तो सरळ होतो. कस्तुराबाईंची आई सांगायची, "धाग्याले आंघोळ घातली का तो जुनं विसरते."

रामनवमी चार दिवसांवर होती. पोहरादेवीच्या यात्रेमुळे वांग्यांना मागणी, तोड्याची घाई. कस्तुराबाईंनी धागा धुतला नाही.

त्याच संध्याकाळी पांघरूण पूर्ण झालं. उरलेला गुंडा डब्यात गेला. टोक मात्र त्यांनी कापलं नाही. काठावर सकाळी नक्षी करू, म्हणून शेवटचा टाका तसाच मोकळा ठेवला.

दिवेलागणीला त्या भाकरी थापत होत्या.

टुण...

उंदीर असेल.

टुण... टुण...

उंदीर एवढा तालात उडी मारत नाही.

सकाळी पाहिलं तर काठाची एक पूर्ण ओळ भरलेली. खिडक्या बंद. सगळे मुके खांब.

"राखी, हे तू केलं काय वं?"

"मी? आई, मले तं तुटलेली बटन लावता येत नाई. तुमचा लेक सेफ्टीपिन लावून हिंडते."

कस्तुराबाईंनी ती ओळ उसवली. दुसऱ्या सकाळी दोन ओळी भरलेल्या होत्या.

त्या डबा घेऊन थेट नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या. शालिग्रामभाऊ चहा पीत होते.

"आवो, ह्या डब्यात काई तरी हाये."

"काय हाये?"

"कोनी तरी विनून राह्यलं."

भाऊंनी बशीतला चहा संपवला. "विनू दे मंग. ह्या घरात न सांगता कोनी काम करून राह्यलं, तं त्याले कायले टोकते हरीओमची माय?"

टोकायचं नाही तर नाही. कस्तुराबाईंनी दोन्ही ओळी उसवल्या, आणि त्या दिवशी पांघरूण डोळ्यांपुढून हलू दिलं नाही. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

रामनवमीला हरीओम भल्या पहाटे भाजी घेऊन मानोऱ्याच्या रस्त्याने पोहरादेवीला गेला. बाकीचे मळ्यात. झोळी कडुनिंबाला. झोळीवर जाळीचं पांघरूण. काठ राहिला होता म्हणून डबाही खाली बुंध्याशी. राखी वांग्यांच्या सरीत. भाऊ गोठ्याच्या सावलीत खाटेवर, तोंडावर दुपट्टा.

सव्वादोनला कस्तुराबाई पाणी प्यायला हौदावर गेल्या. पन्नास पावलं असतील.

तांब्या तोंडाला लावला... आणि लक्षात आलं.

होले पक्षी घुमत नव्हते.

मघापासून घुमत होते. आता एकही नाही. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

आणि मग...

टुण टुण टुण टुण टुण...

सावकाश नाही. घाईने. पाऊस येताना बाईने भराभर हात उरकावेत तसं.

कस्तुराबाईंनी तांब्या टाकला आणि धावल्या.

झोळी जागेवर होती. हलत नव्हती.

पांघरुणाला एकही खिडकी उरली नव्हती. सगळी जाळी मुक्या खांबांनी भरलेली. दोन्ही काठ झोळीच्या कापडाला विणून टाकलेले. इकडून तिकडे. बोट शिरेल एवढी फट नाही.

आतून आवाज नाही.

"चिमणे!"

आवाज नाही.

कात्री घरी होती. विळा राखीकडे. मग सुचलं, क्रोशाचं काम फाडावं लागत नाही. शेवटचा टाका सापडला की सगळं सुटतं. त्यांनी काठ चाचपला. सापडला. ओढला.

धागा आला नाही.

धागा ताठ होता. खाली डब्यात गेला होता... आणि डब्यातून कोणीतरी धरला होता.

कस्तुराबाईंनी जोर लावला. डब्यातून तेवढाच जोर आला.

"सुचे, सोड!"

टण... टण.

सुईने डब्यावर वाजवल्यासारखं. इकडे या. पण सुई तर कस्तुराबाईंच्या अंबाड्यात खोचलेली होती.

"सोड वं बाई! मायं चुकलं. तुयं विनलेलं मी उसवलं, मायं चुकलं!"

धागा तसाच ताठ.

मग कस्तुराबाई ते बोलल्या. जे त्यांनी नंतर नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच.

"तुयीच हाये ते पोट्टी. घे. तुयीच. पन तिले जगू दे."

धागा सैल झाला.

टण... टण.

पुन्हा तेच. इकडे या. आवाज खालून, झोळीखालच्या बुंध्यापासून. कस्तुराबाई का कोण जाणे, गुडघ्यावर बसल्या आणि झोळीखाली डब्याशी वाकल्या.

तेव्हा तो दुसरा आवाज आला. वरून. आधी विमान जावं तसा. मग जवळ.

शेजारच्या वावरात कोणी तरी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पेटवलं होतं. धूर तिथल्या चिंचेच्या झाडात शिरला होता. आणि चिंचेवरचं आग्या मोहोळ उठलं होतं.

"राखी! हौदात पड!" एवढंच त्या ओरडल्या. पदर तोंडावर ओढला आणि डब्याला मिठी मारून पडून राहिल्या.

राखीने हौदात उडी घेतली. शालिग्रामभाऊंना स्वप्न आणि माशी यांतला फरक कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्या अंगातून पुढे एकतीस काटे काढले, त्यातले सात डाव्या कानातले.

पदराच्या आडून कस्तुराबाईंना झोळी दिसत होती. ती काळी पडली होती. माशीवर माशी. पांघरुणावर चालत होत्या, फट शोधत होत्या.

फट नव्हती.

दहा मिनिटं... की अर्धा तास... मग थवा उठला आणि नाल्याकडे गेला.

कस्तुराबाईंनी सुजलेल्या हाताने शेवटचा टाका धरला. या वेळी नुसता स्पर्श पुरला. सर्र... झोळीचा काठ सुटला, मुके खांब सुटले, त्यांची स्वतःची जाळीही सुटली. सगळं पांघरूण पायाशी कुरळ्या धाग्याचा ढीग होऊन पडलं.

आत चिमणी जागी होती. घामाने निथळलेली. अंगावर एक डंख नाही.

ती आजीकडे पाहत नव्हती. डब्याकडे पाहून हसत होती.

आवाज न करता.

डॉक्टर म्हणाले, जाड पांघरूण होतं म्हणून वाचली, हुशार आजी आहे.

याला दोन वर्षं झाली. संस्कृती आता अडीच वर्षांची आहे. घरभर पळते. सगळं समजतं. वाशीमला दाखवलं, अकोल्याला दाखवलं. कान उत्तम, गळा उत्तम.

ती बोलत नाही.

"काही मुलं उशिरा बोलतात," डॉक्टर म्हणतात. राखी मान डोलावते आणि घरी येऊन रडते. "आई, एकदा नुसतं माय म्हनावं तिनं. मंग नाई बोलली तरी चालीन."

तिला काही हवं असलं की ती तो डबा शोधते. चमच्याने दोनदा वाजवते.

हे तिला कोणी शिकवलं नाही.

तो धागा कस्तुराबाईंनी फेकला नाही. लड करून ठेवला आहे, अजून न धुतलेला. त्यांच्या मनात एकच हिशेब चालतो. धुतला तर धागा विसरेल. विसरला तर दिलेला शब्दही सुटेल, पोर बोलेल, कदाचित. पण मग पुढच्या वेळी काही अंगावर आलं तर... टाका घालायला कोण येईल?

यंदाच्या रामनवमीला घरात कोणी नव्हतं. सगळे मळ्यात, चिमणीही. कस्तुराबाईंनी पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी तापलं. वाफ आली. लड हातात घेतली.

आतल्या खोलीत...

टण... टण.

कस्तुराबाईंनी लड खाली ठेवली.

मग त्यांनी गॅस बंद केला. आणि "आली वं, आली," म्हणत आत गेल्या.