दुसऱ्या वायरीचा दिवा

तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचच्या खोलीचं दार ढकललं आणि मी किंचाळलेच. आत अंधारात एक माणूस उकिडवा बसला होता... तोंडात बॅटरी धरून!

"अं... अंह," तो म्हणाला. मग बॅटरी काढून, "कंत्राटदाराकडून आलोय. तुमच्या दुसऱ्या वायरीसाठी."

त्या क्षणापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे.

आमच्या दवाखान्यात एक्स-रेचा फोटो खालून वर पोचेपर्यंत पेशंट स्वतःच जिना चढून पोचतो. म्हणून कॉम्प्युटरचं जाळं जोडणाऱ्या खालच्या-वरच्या स्विचमध्ये दोन वायरी टाकून त्यांची एक जुडी करायची होती. जुडी जमली नाही, की स्विचला त्या दोन वेगळ्या वाटा वाटतात. माहिती गोल गोल फिरत बसेल या भीतीने तो एक वाट बंदच करतो. स्पॅनिंग ट्री म्हणतात या शहाणपणाला. दवाखान्याचं हे जाळं मी सांभाळते, म्हणून खालचा स्विच माझा, वरचा त्याचा... आणि दुसऱ्या वायरीचा दिवा केशरी तो केशरीच, म्हणजे वाट बंद.

रोज त्याचा वरून फोन. "मॅडम, तुमच्याकडे?"

"केशरी. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे हिरवा... म्हणजे—"

"म्हणजे काय?"

"काही नाही."

यातलं निम्मं बोलणं वायरीबद्दल नव्हतं, असं मला वाटे. की होतं? देव जाणे! दुपारी तो दोन कॉफ्या घेऊन खाली यायचा आणि मूग गिळून बसायचा.

शुक्रवारी म्हणाला, "आज जमलं, तर सोमवारपासून मी दुसऱ्या गावी. नाही जमलं, तर इथे दुसरा माणूस येईल."

म्हणजे कसंही करून हा जाणारच! तो वर गेल्यावर मी फोनवर उगाचच खेकसले, "तुमची जुडीची सेटिंग वाचा बघू."

"पॅसिव्ह."

"म्हणजे समोरच्याने विचारलं तरच हो म्हणायचं?"

"हो. वाटलं, सुरुवात तुम्ही कराल. तुमची काय आहे?"

मला वाटलं होतं, सुरुवात तो करेल.

"पॅसिव्ह," मी पुटपुटले.

फोनवर दोघंही खो-खो हसलो. मी माझी सेटिंग 'ॲक्टिव्ह' केली, दिवा हिरवा झाला... आणि माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आनंद व्हायला हवा होता ना?

धापा टाकत वर गेले. तो वायर गुंडाळत होता.

"झालं," तो म्हणाला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मला राग आला. त्याचा, आणि माझा जास्त.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "आता वायरीचं बोलू नका."

त्याच्या हातातलं वेटोळं सुटून जमिनीवर पसरलं. "मग... कॉफ्या कशाला आणत होतो मी?"

"मला काय माहीत! बोलायचं ना तोंडाने!"

"बोललो की," तो खाली बसून वायर गोळा करू लागला. कान लालेलाल. "आईला सांगून झालं, ताईला सांगून झालं... फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."