बाजूची सीट

रविवारची सकाळ होती, आणि ठाण्याच्या बाळकुम गावातल्या स्पीडब्रेकरवर एक लालभडक गाडी पोटावर अडकून पडली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधला सगळा डौल डांबराला टेकलेला. मागे तीन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. चर्चहून घरी निघालेली सेरेना परेरा, निळ्या फ्रॉकमध्ये, हातात पावांची पिशवी घेऊन थांबली. पुढे जाणं तिला शक्यच नव्हतं. गाडी अडकलेली दिसली की तिचे पाय आपोआप अडकायचे.

तिनं काचेवर टिचकी मारली. "उतरा."

काच खाली आली. आत नीट कोरलेली दाढी, घामेजलेलं कपाळ आणि कमालीचे ओशाळलेले डोळे. "धक्का मारू या म्हणता?"

"धक्का नको. तुम्ही फक्त उतरा. तुमच्या वजनानं टेकलीये ती."

"माझ्या…?"

"किती आहे वजन?"

अनोळखी मुलीनं भर रस्त्यात वजन विचारावं, आणि तेही तीन रिक्षावाल्यांसमोर! त्यानं उगाचच पोट आत घेतलं. "चौऱ्याहत्तर."

"माझं बावन्न. बावीस किलोंनी काम होईल. हे पाव धरा."

तो पाव धरून रस्त्यात उभा राहिला. सेरेना आत बसली, गाडी अंगुळभर वर आली, तिनं चाक वळवून तिरकी काढली आणि एकदाही न घासता पलीकडे नेऊन उभी केली. एका रिक्षावाल्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. ती उतरली ती राणीसारखी… आणि तो? तो बिचारा अजून पाव छातीशी धरूनच उभा होता.

"खाली करायला स्प्रिंगा कापल्यात ना?" तिनं विचारलं.

"मी नाही! आधीच्या मालकानं. मी सेकंडहँड घेतलीये. पण इंजिन बघा ना, टर्बो आहे, एक नंबर पळते. आता हे सगळं काढून स्प्रिंगांचा भारीतला सेट टाकणारे. अजून दोन इंच खाली!"

"अजून खाली?" सेरेनानं आपले पाव परत घेतले. "मग असं करा, मी दर रविवारी याच वेळेला इथून जाते. अडकलात की हाक मारा."

ती वळून चालू लागली. तो मागून ओरडला, "अहो, पण तुम्हाला एवढं कसं कळतं?"

तिनं न थांबता हात वर केला आणि समोरच्या शेडवरच्या पाटीकडे बोट दाखवलं – 'सिल्वेस्टर पाटा वर्क्स'.

आता या पाटीबद्दल थोडं सांगायला हवं. सिल्वेस्टर परेरांनी अडतीस वर्षं ट्रक-टेम्पोचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवले. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांच्या हाताला नाव होतं, आणि त्यांचा नियमही सगळ्यांना पाठ होता – 'भरून आण'. रिकामी गाडी घेऊन आलेल्याला ते परत पाठवत. पाण्याचा टँकर पाण्यासकट यायचा, बँडचा टेम्पो ढोल-ताशांसकट. रोज जे ओझं वाहायचं तेच गाडीत हवं. त्याशिवाय सिल्वेस्टर मोजायची पट्टीसुद्धा लावत नसत.

त्यांची लेक डिप्लोमा करून, कोइम्बतूरला दोन वर्षं शर्यतीच्या गाड्यांवर हात काळे करून परत आली. तिला या शेडमध्ये वेगवान गाड्यांचं काम करायचं होतं, आणि पाटीवर वडलांच्या शेजारी आपलं नाव हवं होतं. पण मुलीच्या हातात महागडी गाडी कोण देणार? चार महिने कुणी फिरकलं नाही.

"दिवाळीपर्यंत, गो पोरी," सिल्वेस्टर म्हणाले होते. "तुझ्या हातची एक गाडी दाखव. मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे की झकास झालीये. नायतर शेड टाइल्सवाल्याला देतो, आणि तू चाकणची नोकरी धर."

दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

मंगळवारी लाल गाडी शेडसमोर उभी राहिली. साईनाथ भोईर, राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर उंची हवी तशी कमी-जास्त करता येणारा, बत्तीस टप्प्यांचा, सोनेरी रंगाचा सेट झळकत होता.

"हा टाकायचा. एकदम खाली, एकदम कडक."

"गाडी चालवता कुठे?"

"डोंबिवली, शीळफाटा, ऐरोली. कधीतरी कळव्याला मामाकडे."

"म्हणजे खड्डे, स्पीडब्रेकर आणि अधूनमधून रस्ता." सेरेना हसली. "हा सेट शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकसाठी आहे. तुमच्या रस्त्यावर चाक जमिनीवर टिकणारच नाही, नुसतं उड्या मारेल. उडणाऱ्या चाकानं ना वळण घेता येत, ना ब्रेक लागतो. कंपनीच्या मूळ उंचीपेक्षा पंधरा मिलिमीटर खाली, बस्स. स्प्रिंग थोडी कडक, तिची उसळी जिरवणारा साजेसा शॉकअप, सांध्यांतले सगळे रबरी बुश नवे, आणि चांगले टायर."

"पंधरा मिलिमीटर? दिसणार पण नाही!"

"दिसायला नाही हो, बसायला."

"आणि मला हाच सेट हवा असेल तर?"

सेरेनानं रिकाम्या शेडकडे एकदा पाहिलं. चार महिन्यांत आलेलं हे एकुलतं एक गिऱ्हाईक. पण तिच्या तोंडून निघालं ते असं – "मग दुसरीकडे जा. मी नाही बसवणार."

साईनाथ गेला. कोपऱ्यातल्या स्टुलावरून सिल्वेस्टरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी लेकीच्या ताटात माशाची मोठी तुकडी त्यांनी स्वतः वाढली.

शुक्रवारी तो परत आला. मानेला पट्टा बांधलेला.

"मित्राच्या गाडीत तोच सेट आहे," तो खाली बघत म्हणाला. "शीळफाट्यापर्यंत बसून आलेलो. तुम्ही म्हणाल ते बसवा."

हसू आवरायला तिला पाठ फिरवावी लागली.

मग कार्ड भरायची वेळ आली. वडलांचा 'भरून आण' आता तिनं कागदावर आणला होता. गाडीत कोण बसतं, किती वजनाचं, हे आधी लिहायचं आणि मग स्प्रिंग निवडायची.

"चालक चौऱ्याहत्तर. मागची सीट?"

"रिकामी."

"बाजूची सीट?"

"रिकामी." तो जरा पुढे झुकला. "एकदम रिकामी. माझ्या बाजूला कुणीच बसत नाही. म्हणजे… मी एकटाच असतो. अगदी एकटा."

खरं तर तिनं इथे म्हणायला हवं होतं, की बरं, मग घरच्या माणसांचं काय? पण तिचे कान गरम झाले होते. त्याचं ते 'एकटा' तिला आवडलं होतं, आणि तिथेच घोळ झाला. तिनं मान खाली घालून लिहून टाकलं – 'चालक ७४. बाकी रिकामी.'

पुढचे तीन शनिवार मात्र विचारू नका! तो सकाळीच यायचा आणि पाने-पकडी पुसत बसायचा. ती गाडीखाली, तो बाहेर. मध्ये दिसायचे ते तिचे पाय आणि ऐकू यायचे ते तिचे हुकूम. एकदा तिनं त्याचा हात धरून बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवला.

"दाबा. आता सोडा. बघा, गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकअप चांगला. डुलत राहिली असती तर गेलेला."

"गाडी थांबली," साईनाथ म्हणाला. तिचा हात अजून त्याच्या हातावर होता. "पण माझं अजून डुलतंय… त्याला काही करता येईल?"

"त्याचे पार्ट मिळत नाहीत," ती म्हणाली आणि घाईघाईनं गाडीखाली शिरली. तिथे, ग्रीसच्या वासात, ती एकटीच कितीतरी वेळ हसत होती.

गाडी तयार झाली. तो एकटा मुंब्रा बायपासची वळणं घेऊन आला तो ओरडतच. "रुळावरून चालल्यासारखी जाते हो!" सिल्वेस्टरनी मान डोलावली आणि म्हणाले, "आठवडाभर चालव, मग सांग." टाइल्सवाल्याला त्यांनी पुढच्या रविवारी यायला सांगितलेलंच होतं.

गुरुवारी लाल गाडी गल्लीत वळली आणि त्याच स्पीडब्रेकरवर… ठप्प! मागून लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. आवाज सिल्वेस्टरनी ऐकला. सेरेनानंही ऐकला, आणि तिच्या हातातला पाना खाली पडला.

गाडी कशीबशी शेडसमोर आली. मागच्या सीटवर दोन माणसं होती. एक धिप्पाड गृहस्थ कंबर धरून बसलेले, आणि शेजारी डबा सांभाळणाऱ्या बाई.

"हे बाबा. ही आई," साईनाथ कसाबसा म्हणाला.

"विश्राम भोईर," गृहस्थ म्हणाले. "तीस वर्षं बस चालवली, बाई. एवढा दणका माझ्या बसनं कधी दिला नाही. कोण मिस्त्री आहे?"

"मी," सेरेना म्हणाली. आवाज बारीक होता, पण मान खाली गेली नव्हती.

ती साईनाथकडे वळली. "हे गाडीत रोज बसतात?"

"रोज सकाळी. बाबांच्या कमरेचे व्यायाम असतात, त्यांना सोडून मी पुढे जातो. या आठवड्यात ते माझ्या बहिणीकडे होते; आजच आले, म्हणून शेड दाखवायला आणलं."

"मग तू मला खोटं का सांगितलंस?" पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली, आणि इतक्या रागानं, की त्याला त्याचा आनंदही मानता येईना. "एकटा, एकटा, अगदी एकटा! मी त्या हिशेबानं मागच्या स्प्रिंगा घेतल्या! माझं नाव जायची वेळ आलीये, कळतंय?"

"मला एवढंच सांगायचं होतं…" तो पार लाल झाला. "की माझ्या आयुष्यात कुणी नाहीये. तू बाजूची सीट विचारलीस ना. मला वाटलं, हाच चान्स आहे."

आईंनी, म्हणजे कलावतीबाईंनी, पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. सेरेनाला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींचा राग येत होता.

"चूक याची एकट्याची नाही, डॅडी," ती सिल्वेस्टरकडे बघून म्हणाली. "गाडी भरून आण, असं मी म्हटलंच नाही. मला विचारायला हवं होतं. मीच नाही विचारलं."

सिल्वेस्टर उठले. टाइल्सवाल्याचं नाव निघेल असं तिला वाटलं. त्यांनी गाडीचं मागचं दार बंद केलं आणि विश्रामरावांना म्हणाले, "उतरू नका हां. आता गाडी भरून आलीये. पोरगी मोजून घेईल."

तिनं पट्टी घेतली. वजनं विचारली: विश्रामराव ब्याण्णव किलो, कलावतीबाई पासष्ट. चारही चाकांवरची उंची तिनं दोन-दोनदा मोजली. दोन दिवसांत मागच्या स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप त्यांच्या मापानं बांधले. शनिवारी सगळे पुन्हा हजर झाले. तिनं नवं कार्ड काढलं आणि मागच्या सीटचे आकडे लिहिले. 'बाजूची सीट' या शब्दांपाशी ती थांबली.

साईनाथनं तिच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं – '५२'.

"कार्डावर आता खोटं चालणार नाही," ती हळूच म्हणाली.

"खोटं नाहीये. अजून खरं झालेलं नाही, एवढंच… मला तू आवडतेस, सेरेना. पाव धरून उभा होतो ना, तेव्हापासून."

तिनं कार्ड खिशात टाकलं आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसली. "चल. टेस्ट घ्यायचीये."

खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा. डोंगराकडेच्या वळणावर गाडी जराही न झुकता गेली. पुढे उखडलेला रस्ता आला. चाकं खाली-वर होत राहिली, पण मागे कलावतीबाईंच्या हातातल्या डब्यातलं ताक सांडलं नाही. सेरेना डोळे मिटून बसली होती; प्रत्येक स्प्रिंग तिला तळव्यांतून कळत होती. आपण हे केलं… आपल्या या हातांनी! तिचा ऊर इतका भरून आला, की तिला काच खाली करावी लागली. साईनाथ रस्त्याकडे बघत होता, पण हसत होता तो तिच्यासाठीच.

शेडशी परतल्यावर विश्रामराव कंबर न धरता उतरले. ते सिल्वेस्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"तीस वर्षं या रस्त्याचे खड्डे मी पाठीनं मोजले, परेरासाहेब. आज पहिल्यांदा खड्डे रस्त्यातच राहिले." मग ते सेरेनाकडे वळले आणि त्यांनी, बस डेपोतल्या सगळ्यात वरच्या साहेबाला करावा तसा, कडक सलाम ठोकला. "आमच्या डेपोतल्या सगळ्यांना सांगणार. मिस्त्री बाळकुमला आहे."

सिल्वेस्टर आत गेले, टाइल्सवाल्याला फोन करून 'येऊ नका' म्हणाले आणि रंगाचा डबा व ब्रश घेऊन बाहेर आले. शिडीवर चढून त्यांनी पाटीवर 'सिल्वेस्टर'च्या पुढे लिहिलं – 'आणि सेरेना'. अक्षर जरा वाकडं आलं. तिला ते जगातलं सगळ्यात सुंदर अक्षर वाटलं.

खाली साईनाथ शिडी धरून उभा होता. ती त्याच्याजवळ गेली, खिशातलं कार्ड काढलं आणि शिडीच्या पायरीवर ठेवून त्यातला '५२' खोडला.

त्याचा चेहरा पडला.

तिनं त्याच्या शेजारी लिहिलं – '५४'.

"त्या दिवशी दोन किलो कमी सांगितलेले," ती म्हणाली.

"दोन किलोंनी स्प्रिंगला फरक पडतो?"

"नाही पडत."

"मग कशाला बदललंस?"

सेरेनानं पेनाचं टोपण लावलं आणि पहिल्यांदाच, अजिबात न लाजता, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आता मीच बसणार ना तिथे रोज. मग खरं वजन नको लिहायला?"